'डिस्कस अबाउट' का चुकतं? इंग्लिश शब्दापुढचं प्रिपोझिशन कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की प्रिपोझिशनच्या, म्हणजे ऑन, टू, विथ, फॉर अशा छोट्या शब्दांच्या, याद्या पाठ आहेत, गाळलेल्या जागा भरताना बरोबर येतं, पण मेल लिहायला बसलं किंवा बोलायला लागलं की अडतं. 'डिस्कस अबाउट' इतके लोक लिहितात तर ते चूक का, 'डिफरंट'च्या पुढे फ्रॉम घ्यायचं, टू घ्यायचं की दॅन, आणि मुळात याला काही नियम आहे की सगळं पाठच करायचं? मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवते, नोकरी करणाऱ्यांना जास्त करून, आणि हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांचं बाकी इंग्लिश खरंच चांगलं असतं त्यांचाही आत्मविश्वास नेमका इथे डळमळतो. म्हणून उत्तर लांब देते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की यातल्या बहुतेक चुका मराठीतून येतात. आपण वाक्य मनात मराठीत जुळवतो, 'त्याच्याशी', 'त्याच्यावर', 'त्याबद्दल' असं काहीतरी तयार होतं, आणि मग त्या प्रत्ययाच्या जागी ठरलेलं इंग्लिश प्रिपोझिशन ठेवतो, शी म्हणजे विथ, वर म्हणजे ऑन, बद्दल म्हणजे अबाउट, ला म्हणजे टू. हे बऱ्याचदा जमून जातं आणि तिथेच घात होतो, कारण 'डिपेंड ऑन' म्हणजे 'वर अवलंबून' हे अगदी तंतोतंत जुळलं की आपल्याला वाटतं पद्धत बरोबर आहे. पण इंग्लिशमधे प्रिपोझिशन कुठलं येणार हे त्याच्या आधीचा शब्द ठरवतो. आपल्याकडेही तसंच आहे की. 'कुत्र्याला घाबरतो' पण 'कुत्र्याची भीती वाटते', 'त्याच्यावर रागावलो' पण 'त्याचा राग आला', इथे ला का आणि ची का असा विचार आपण कधी करत नाही, तो शब्द त्या प्रत्ययासकटच आपल्या तोंडात बसलेला असतो. इंग्लिश शब्दही तसाच, त्याच्या शेपटीसकट शिकायचा.

म्हणून मी याद्या पाठ करायला सांगत नाही, आधी आपले मराठी प्रत्यय कुठे फसवतात ते बघायला सांगते. चुका कुठून येणार हे कळलं की निम्मं काम झालं.

'शी' घ्या. 'त्याच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ हिम' तयार होतं, पण मॅरी हे क्रियापद थेट माणसाला लागतं, 'शी मॅरीड हिम', आणि स्थिती सांगायची असेल तर 'शी इज मॅरीड टू हिम'. 'त्यांच्याशी संपर्क साधा' म्हणून 'कॉन्टॅक्ट विथ देम' लिहिलं जातं, हवं फक्त 'कॉन्टॅक्ट देम'. 'याच्याशी मिळतंजुळतं' म्हणून 'सिमिलर विथ', हवं 'सिमिलर टू'. 'याच्याशी संबंधित' म्हणजे 'रिलेटेड टू'. शी दिसला की हात आपोआप विथकडे जातो, तेवढा तिथे थांबवायचा.

'वर' तर फारच फसवतो. 'माझ्यावर रागावला' हे 'अँग्री ऑन मी' होत नाही, माणसावरचा राग 'अँग्री विथ' किंवा 'अँग्री ॲट', आणि गोष्टीवरचा राग 'अँग्री अबाउट'. 'माझ्यावर हसले' म्हणजे 'लाफ्ड ॲट मी'. 'हल्ला केला', 'मात केली', 'शंका घेतली', 'भर दिला', या सगळ्यांना मराठीत वर लागतो आणि इंग्लिशमधे अटॅक, ओव्हरकम, डाउट, एम्फसाइझ या क्रियापदांना काहीच लागत नाही. विश्वासाचं जरा वेगळं आहे, 'ट्रस्ट हिम' पुरेसं आहे, 'बिलीव्ह हिम' म्हणजे तो आत्ता सांगतोय ते खरं मानणं, आणि 'बिलीव्ह इन हिम' म्हणजे त्याच्या कर्तृत्वावर श्रद्धा असणं. इथे प्रिपोझिशनमुळे अर्थच बदलतो, त्यामुळे ही जोडी वेगळी लिहून ठेवा.

'बद्दल'कडे मात्र मी जास्त लक्ष द्यायला सांगते, कारण ऑफिसच्या मेलमधे सगळ्यात जास्त बद्दलच असतो. मराठीत आभार बद्दल, अभिनंदन बद्दल, माफी बद्दल, तक्रार बद्दल, शिक्षा बद्दल, उल्लेख बद्दल, चर्चा बद्दल, एकाच प्रत्ययावर सगळं भागतं. इंग्लिशमधे आभार 'थँक यू फॉर', अभिनंदन 'काँग्रॅच्युलेट ऑन', माफी 'अपॉलॉजाइझ फॉर' आणि ज्याची मागायची त्या माणसाला 'टू', तक्रार 'कम्प्लेन अबाउट', शिक्षा 'पनिश फॉर', दोष 'ब्लेम फॉर', आरोप 'अक्यूझ ऑफ', पण पोलिसांनी गुन्हा लावला की 'चार्ज विथ'. आणि उल्लेख आणि चर्चा या दोघांना काहीच नाही, मेन्शन आणि डिस्कस थेट विषयाला लागतात. 'वुई डिस्कस्ड द बजेट', झालं. टॉकला अबाउट लागतं, स्पीकला लागतं, डिस्कसला नाही, कारण 'च्याबद्दल बोलणं' हा सगळा अर्थ डिस्कसमधे आधीच भरलेला आहे, वरून अबाउट लावलं की तोच अर्थ दोनदा सांगितल्यासारखं होतं. इतके लोक 'डिस्कस अबाउट' लिहितात ते का, याचं उत्तर पुढच्या गोष्टीत आहे.

ती गोष्ट अशी, आणि एवढी एकच लक्षात राहिली तरी तुमच्या मेलमधल्या बऱ्याच चुका जातील. इंग्लिशमधे एकाच शब्दाचं क्रियापद थेट कर्म घेतं आणि त्याच शब्दाचं नाम मात्र प्रिपोझिशन मागतं. डिस्कस द प्लॅन, पण डिस्कशन अबाउट द प्लॅन. रिक्वेस्ट अ रिफंड, पण अ रिक्वेस्ट फॉर अ रिफंड. कॉन्टॅक्ट हर, पण इन कॉन्टॅक्ट विथ हर. एम्फसाइझ क्वालिटी, पण एम्फसिस ऑन क्वालिटी. एन्टर द रूम, पण एन्ट्री इन्टू. रिझेम्बल हिज फादर, पण रिझेम्ब्लन्स टू. इन्व्हेस्टिगेट द मॅटर, पण इन्व्हेस्टिगेशन इन्टू. डॅमेज द कार, पण डॅमेज टू द कार. ॲक्सेस द फाइल, पण ॲक्सेस टू द फाइल. ऑर्डर, डिमांड, अटॅक, व्हिजिट, आन्सर, लॅक, इन्फ्लुअन्स, सगळे याच घरातले. आता बघा काय होतं, आपण नाम आणि क्रियापद दोन्ही वाचलेली असतात, 'अ डिस्कशन अबाउट' अनेकदा कानावरून गेलेलं असतं, आणि क्रियापद वापरताना तीच शेपटी त्याला जोडली जाते. म्हणजे ही चूक अज्ञानातून आलेली नसते, दोन बरोबर गोष्टींची सरमिसळ झालेली असते. म्हणून तपासताना एवढंच विचारायचं, माझ्या वाक्यात हा शब्द काम करतोय की नुसतं नाव आहे? काम करत असेल तर प्रिपोझिशन काढून बघा, नाव असेल तर बहुतेक लागणार.

अर्थात प्रत्येक क्रियापद थेट लागत नाही, त्यातही आपले लोक दोन शब्दांवर सारखे अडतात ते म्हणजे रिप्लाय आणि एक्स्प्लेन. 'आन्सर मी' चालतं पण 'रिप्लाय मी' चालत नाही, 'रिप्लाय टू मी'. 'टेल मी' चालतं, 'एक्स्प्लेन मी' चालत नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी', आणि सजेस्टचंही तसंच, 'सजेस्ट मी' लिहू नका, गोष्ट आधी आणि माणूस नंतर टू लावून. 'मला समजाव', 'मला सुचव' ही मराठी वाक्यं 'मला सांग'सारखीच दिसतात त्यामुळे तिन्हींना एकाच साच्यात घालायचा मोह होतो.

आणि जिथे प्रिपोझिशन हवंच तिथे आपण गाळतोही, कारण मराठीत तिथे प्रत्यय दिसत नाही. आपण गाणं ऐकतो, चित्र बघतो, वाट बघतो. इंग्लिशमधे 'लिसन टू', 'लुक ॲट', 'वेट फॉर'. हे तीन शब्द शाळेपासून माहीत असतात तरी घाईत टू आणि फॉर गळून पडतात. यामागे अजून एक कारण आहे ते फार कमी शिकवलं जातं, इंग्लिश बोलताना या छोट्या शब्दांवर जोर नसतो, ते चेपून बोलतात, फॉरचं नुसतं फर होतं, टूचं अर्धं ट, ऑफचा तर नुसता अव् राहतो. म्हणजे आपण इंग्लिश सिनेमे, मुलाखती कितीही ऐकल्या तरी नेमका हाच शब्द कानाला नीट लागत नाही. म्हणून मी नेहमी सांगते की प्रिपोझिशन ऐकून शिकण्यापेक्षा वाचून शिका, आणि वाचताना बोट ठेवून बघा.

आता 'काही नियम आहे का' याकडे वळते. पक्का नियम नाही, पण कल आहेत, आणि ते कल समजले की पाठांतर बरंच कमी होतं.

पहिला कल अर्थाचा. जे अजून हातात आलेलं नाही, मिळवायचं आहे, त्याच्यासाठी फॉर येतं. वेट फॉर, आस्क फॉर, लुक फॉर, सर्च फॉर, अप्लाय फॉर, होप फॉर, विश फॉर, बेग फॉर, सगळ्यांत हात पुढे पसरलेला आहे. ज्याच्यावर भार टाकायचा त्याला ऑन, डिपेंड ऑन, रिलाय ऑन, काउंट ऑन, बेस्ड ऑन, इन्सिस्ट ऑन, कॉन्सन्ट्रेट ऑन. नेम धरून एखाद्या बिंदूकडे काही सोडायचं असेल तर ॲट, मग ती नजर असो, दगड असो की आवाज, लुक ॲट, स्टेअर ॲट, एम ॲट, पॉइंट ॲट. म्हणूनच 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याला झेलता यावा म्हणून टाकणं आणि 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून फेकणं. शाउटचंही तसंच, लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडलो तर 'शाउट टू', त्याच्या अंगावर ओरडलो तर 'शाउट ॲट'. हा फरक इतका सुंदर आहे की एकदा कळला की विसरत नाही. कौशल्यालाही ॲट लागतं, 'गुड ॲट मॅथ्स', इथे आपलं 'गणितात हुशार' मधलं 'त' आपल्याला 'गुड इन' लिहायला लावतं.

ऑफचा एक जुना अर्थ माहीत असला तर विचित्र वाटणारे बरेच शब्द एकदम सरळ होतात. ऑफ म्हणजे 'चा, ची, चे' एवढंच आपण शिकतो, पण जुन्या इंग्लिशमधे याचा अर्थ 'पासून दूर' असा होता, आणि दूर करणं या अर्थाचा जो दुसरा ऑफ आहे, शेवटी दोन एफवाला, तो मूळचा हाच शब्द, नंतर वेगळा झाला. म्हणून कोणापासून काही काढून घेतलं की ऑफ येतो. रॉब समवन ऑफ मनी, डिप्राइव्ह ऑफ राइट्स, क्युअर ऑफ अ डिसीज, रिलीव्ह ऑफ ड्यूटी, गेट रिड ऑफ, इंडिपेंडंट ऑफ. यात 'चा' शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही, 'पासून' शोधा, लगेच दिसेल. विथचंही असंच, जुन्या इंग्लिशमधे तो 'विरुद्ध' या अर्थाने होता, म्हणून 'फाइट विथ' म्हणजे बाजूने नव्हे तर समोरासमोर, आणि विथस्टँडमधे तो अर्थ आजही जिवंत आहे.

हे असं का झालं याचं कारणही सांगून टाकते, मला ते फार आवडतं. जुन्या इंग्लिशमधे आपल्यासारख्या विभक्ती होत्या, नामाचा शेवट बदलायचा. पुढे काही शतकांत ते शेवट झिजत गेले आणि त्यांचं काम या छोट्या शब्दांवर येऊन पडलं. म्हणजे प्रिपोझिशन म्हणजे एका अर्थी त्यांचे विभक्ती प्रत्ययच, फक्त शब्दाच्या आधी येणारे. म्हणून एकेकाच्या अंगावर इतकी कामं आहेत, आणि म्हणूनच एका प्रत्ययाला एक प्रिपोझिशन असा हिशेब कधीच लागत नाही.

दुसरा कल लॅटिनमधून आलेल्या शब्दांचा, आणि वरच्या पातळीच्या शब्दसंग्रहासाठी याच्याइतकी उपयोगी गोष्ट मला दुसरी सापडलेली नाही. या शब्दांच्या सुरुवातीचा तुकडा हा स्वतः लॅटिनमधलं प्रिपोझिशन किंवा तसाच शब्द असतो, आणि इंग्लिशमधे पुढे येणारं प्रिपोझिशन अनेकदा त्याचाच प्रतिध्वनी असतं. कॉम, कॉन, को म्हणजे सोबत, म्हणून कम्प्लाय विथ, कोइन्साइड विथ, कोलॅबरेट विथ, कॉम्पीट विथ, कम्पॅटिबल विथ. ग्रीकमधलं सिम, सिन तेच, म्हणून सिम्पथाइझ विथ, सिनॉनिमस विथ. एक्स म्हणजे बाहेर, म्हणून एक्स्क्लूड फ्रॉम, एक्झेम्प्ट फ्रॉम, एक्स्पेल फ्रॉम, एक्स्ट्रॅक्ट फ्रॉम. ॲब म्हणजे दूर, म्हणून ॲब्स्टेन फ्रॉम, ॲब्सेंट फ्रॉम. ॲड म्हणजे कडे, आणि हा पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, म्हणून ॲडहिअर टू, ॲडॅप्ट टू, अटॅच टू, ॲट्रिब्यूट टू, अपील टू, अकस्टम्ड टू. सब म्हणजे खाली, म्हणून सबमिट टू, सब्जेक्ट टू, सक्कम टू, सबॉर्डिनेट टू, सगळ्यांत कोणाच्या तरी खाली जाणं आहे. डी आणि डिस म्हणजे वेगळं होणं, डेव्हिएट फ्रॉम, डिपार्ट फ्रॉम, डिफर फ्रॉम. अपवाद आहेत, कन्सिस्टला ऑफ लागतं, अप्रूव्ह आणि अक्यूझलाही ऑफ, ते वेगळे लक्षात ठेवा. पण नवीन शब्द समोर आला आणि अंदाज करायचाच असेल तर डोळे मिटून केलेल्या अंदाजापेक्षा हा अंदाज कितीतरी जास्त वेळा बरोबर येतो.

लॅटिनचाच अजून एक छोटा गट आहे, सुपीरियर, इन्फीरियर, सीनियर, ज्युनियर, प्रायर. यांच्यात तुलना आहे त्यामुळे आपल्या डोक्यात 'पेक्षा' येतो आणि हातून दॅन लिहिलं जातं. पण यांना टू लागतं, 'सीनियर टू मी', 'प्रायर टू द मीटिंग', आणि प्रिफरलाही टू, 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

आता एक सावधगिरी. एका शब्दाचं प्रिपोझिशन त्याच्या भावंडांना जसंच्या तसं लावू नका. प्राउड ऑफ, पण प्राइड इन, आणि क्रियापद केलंत तर 'प्राइड वनसेल्फ ऑन'. डिपेंडंट ऑन, इंडिपेंडंट ऑफ, इंडिपेंडन्स फ्रॉम. फॉंड ऑफ पण फॉंडनेस फॉर, केपेबल ऑफ पण कपॅसिटी फॉर, कॉन्फिडंट ऑफ पण कॉन्फिडन्स इन, प्रिफर टू पण प्रेफरन्स फॉर, सिम्पथाइझ विथ पण सिम्पथी फॉर. म्हणून वहीत लिहिताना नुसतं 'प्राउड' लिहू नका, 'प्राउड ऑफ माय टीम' लिहा, पूर्ण तुकडा, आणि शक्यतो स्वतःच्या कामातला किंवा घरातला, म्हणजे तो पुन्हा वापरला जातो. याद्या पाठ असूनही तुम्ही अडता याचं कारण हेच आहे, यादीत शब्द आणि प्रिपोझिशन मधे जागा सोडून लिहिलेले असतात आणि डोकंही त्यांना सुटं सुटंच ठेवतं.

त्याच शब्दाला दोन-तीन प्रिपोझिशन लागत असतील तर पुढे काय आहे ते बघायचं. अग्री विथ माणसाशी किंवा त्याच्या मताशी, अग्री टू प्रस्तावाला होकार देताना, अग्री ऑन दोघांनी मिळून तारीख किंवा किंमत ठरवली की. वस्तू बघून ती कशाची आहे ते कळत असेल तर मेड ऑफ, लाकडाचं टेबल, आणि मूळ पदार्थ बदलून गेला असेल तर मेड फ्रॉम, लाकडाचा कागद. प्रोव्हाइडचंही असंच, माणूस आधी आला तर वस्तूला विथ, 'प्रोव्हाइड देम विथ लॅपटॉप्स', वस्तू आधी आली तर माणसाला टू किंवा फॉर. कम्प्राइझला क्रियापद म्हणून काही लागत नाही, 'द टीम कम्प्राइझेस सिक्स मेंबर्स', पण कन्सिस्टला ऑफ हवंच. आणि कोप विथमधे अप घालू नका, ते कॅच अप विथ, कीप अप विथ यांच्यावरून चिकटतं.

टूबद्दल स्वतंत्रपणे सांगायलाच हवं. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' हे वाक्य अगदी वरच्या पदावरच्या माणसांच्या मेलमधे मी बघते. टू दिसला की पुढे साधं क्रियापद ठेवायची सवय आपल्याला वाँट टू, नीड टू, ट्राय टू यांच्यामुळे लागलेली असते, पण तो टू वेगळा आणि लुक फॉरवर्डचा टू वेगळा, हा प्रिपोझिशन आहे आणि प्रिपोझिशनच्या पुढे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतं. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. कुठला टू आहे हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे, टूच्या पुढे नुसतं 'इट' (म्हणजे 'ते', खाण्याचं ईट नव्हे) ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' बरोबर वाटतं, म्हणजे प्रिपोझिशन, म्हणजे आयएनजी. 'वाँट टू इट' वाक्यच होत नाही, म्हणजे तिथे साधं क्रियापद. ऑब्जेक्ट टू, कमिटेड टू, ॲडिक्टेड टू, अकस्टम्ड टू, आणि 'आय ॲम यूज्ड टू' हे सगळे या कसोटीला उतरतात. 'आय यूज्ड टू' मात्र नाही, 'आय यूज्ड टू वर्क लेट' म्हणजे पूर्वी करायचो, 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग लेट' म्हणजे सवय आहे. टू सोडून बाकीच्या प्रिपोझिशननाही हेच, इन्सिस्ट ऑन पेइंग, सक्सीड इन गेटिंग, प्रिव्हेंट समवन फ्रॉम गोइंग, थँक्स फॉर कमिंग.

वेळेचे दोन प्रत्यय पण इथेच सांगते कारण कामात त्यांनी खरं नुकसान होतं. 'पासून'ला इंग्लिशमधे एक शब्द नाही. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स, 'सिन्स मंडे', आणि कालावधी सांगायचा तर फॉर, 'फॉर टू इयर्स', म्हणून 'दोन वर्षांपासून' हे 'सिन्स टू इयर्स' होत नाही. 'पर्यंत'चंही तसंच. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्या' म्हणजे बाय फ्रायडे, मुदत. 'शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद' म्हणजे अंटिल फ्रायडे, तोवर चालू राहणारी स्थिती. मुदत सांगताना अंटिल लिहिलंत तर समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो की शुक्रवारपर्यंत करत राहायचं आहे की शुक्रवारच्या आत संपवून द्यायचं आहे.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ द्यावं का असंही बरेच जण विचारतात, कारण शाळेत कोणीतरी ते चूक म्हणून सांगितलेलं असतं. येऊ द्या, बिनधास्त. ही तक्रार जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मधे जाहीरपणे मांडली, पुढे ती नियम असल्यासारखी शिकवली गेली, पण इंग्लिश त्याच्या आधीही तसं बोललं जात होतं आणि आजही बोललं जातं. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट', 'द पर्सन आय स्पोक टू'. आपल्या लोकांची खरी अडचण उलटी आहे, आपण शेवटचं प्रिपोझिशन गाळतो. 'अ चेअर टू सिट' लिहितो, हवं 'अ चेअर टू सिट ऑन'. 'अ पेन टू राइट विथ', 'नथिंग टू वरी अबाउट', 'द हाउस आय लिव्ह इन'. तपासायची पद्धत म्हणजे वाक्य सरळ करून बघा, खुर्ची बसतो की खुर्चीवर बसतो? वर असेल तर ऑन परत आणा.

शंका आली की कुठे बघायचं ते सांगते. साधी डिक्शनरी अर्थ देते, तिच्यात हे नीट सापडत नाही, लर्नर्स डिक्शनरी बघा, ती इंग्लिश परकी असणाऱ्यांसाठीच केलेली असते आणि शब्दाबरोबर त्याचं प्रिपोझिशन ठळक छापलेलं असतं. या प्रकारच्या डिक्शनरीची पायाभरणी करणाऱ्यांत ए. एस. हॉर्नबी हे मोठं नाव आहे, ते जपानमधे इंग्लिश शिकवायचे आणि त्यांची डिक्शनरी १९४२ मधे टोकियोत निघाली, ऑक्सफर्डने ती १९४८ मधे काढली, आणि ती तयार करताना हीच काळजी होती की शिकणाऱ्याला शब्दाचा अर्थ कळला तरी वाक्य बांधता येत नाही. मोबाइलवर अशा डिक्शनऱ्या फुकट मिळतात. अर्थाखालची उदाहरणं वाचा, तिथेच तयार तुकडा मिळतो. दुसरं साधन कॉर्पस, म्हणजे खऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधे सुमारे १० कोटी शब्द आहेत, आणि आजच्या अमेरिकन इंग्लिशच्या कॉर्पसमधे १०० कोटींहून जास्त. दोन पर्याय टाकून कुठला किती वेळा येतो ते दिसतं. फक्त नुसत्या आकड्यावर जाऊ नका, वाक्यं उघडून वाचा. 'मॅरीड विथ' शोधलंत तर भरपूर सापडेल, आणि वाचल्यावर कळेल की त्यातली बरीचशी 'मॅरीड विथ टू किड्स' अशी आहेत, म्हणजे लग्न झालेला आणि दोन मुलं असलेला, लग्न मुलांशी नव्हे.

राहिलं 'डिफरंट'. फ्रॉम सगळीकडे चालतं, लिखाणात आणि बोलण्यात, कुठल्याही देशात. टू ब्रिटनमधे बोलताना खूप ऐकू येतं, अमेरिकेत जवळजवळ नाही. दॅन अमेरिकेत सर्रास आहे, विशेषतः पुढे पूर्ण वाक्य येत असेल तर, 'डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड', तिथे फ्रॉम वापरायचं तर 'डिफरंट फ्रॉम व्हॉट आय एक्स्पेक्टेड' असं व्हॉट घालावं लागतं. असेच अजून थोडे फरक आहेत, ब्रिटनमधे ॲट द वीकएंड तर अमेरिकेत ऑन द वीकएंड, फॉर्म ब्रिटनमधे बहुतेक फिल इन करतात आणि अमेरिकेत फिल आउट, मित्राला पत्र लिहायचं तर ब्रिटनमधे 'राइट टू मी' आणि अमेरिकेत 'राइट मी' पण चालतं. यातलं कुठलंच चूक नाही. परीक्षेसाठी किंवा कोणाला जाणार हे माहीत नसलेल्या मेलसाठी डिफरंट फ्रॉम घ्या, आणि समोरच्याने डिफरंट टू लिहिलं तर ते दुरुस्त करून परत पाठवू नका.